हिमालयातलं चौकडीचं फूल: फ्रिटिलारिया

पायवाटकर

नमस्कार मंडळी. जूनमध्ये कुल्लूच्या वरच्या अंगाला एका थाचावर (उंचावरच्या चराऊ कुरणाला तिकडे थाच म्हणतात) हे फूल दिसलं. फोटो दोनच बरे आलेत, ते डकवतोय. वीत-दीड वीत उंचीचा एकच दांडा, अरुंद पानं आणि टोकाला मान खाली घातलेली एकच घंटा. बाहेरून हिरवट पिवळी. जमिनीवर आडवं होऊन आत डोकावलं की तपकिरी-जांभळी चौकडी, पट्टी घेऊन आखल्यासारखी. उंची साधारण ३,४०० मीटर. आजूबाजूला बुटका जुनिपर, ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं, घळींत अजून बर्फ.

घरी येऊन शोधाशोध केल्यावर फ्रिटिलारिया या प्रजातीपर्यंत पोचलो, पण त्यातली नेमकी जात ठरवता येत नाहीये. बरोबरचा स्थानिक मुलगा 'जंगली लहसुन' एवढंच म्हणाला आणि त्यानं विषय बदलला. का बदलला ते जरा पुढे गेल्यावर कळलं. उतारावर जागोजागी बोट-दोन बोटं खोल ताजे खड्डे होते आणि शेजारी उपटून टाकलेली पानं.

ज्यांना जे माहीत असेल ते लिहा. शास्त्र, औषध, बाग, काहीही चालेल. जागेचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. कृपया विचारू नका.

चंपाकळी

काय देखणं आहे हो! व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो तेव्हा असंच काहीतरी एका वेलीवर पाहिलं होतं. हिरवी घंटा, आतून जांभळी नक्षी. तेच का हे?

पेशीपुराण

चंपाकळी, वेलीवर होतं म्हणजे ते बहुधा कोडोनोप्सिस. ही गल्लत पुष्कळांची होते, कारण दोन्ही घंटा हिरवट, दोन्ही खाली बघणाऱ्या, दोन्ही आतून रंगलेल्या. कोडोनोप्सिसच्या पाकळ्या खाली एकमेकींना जोडलेल्या असतात आणि फक्त कडेला पाच टोकं सुटी असतात. देठ तोडला तर पांढरा चीक येतो आणि वास असा की पुन्हा हात लावू नये. फ्रिटिलारियाच्या सहा पाकळ्या मुळापासून सुट्या, आत सहा पुंकेसर, आणि प्रत्येक पाकळीच्या बुडाशी मधाची एक खाच. हे लिली आणि ट्यूलिपच्या कुळातलं, म्हणजे लिलिएसीतलं झाड. कोडोनोप्सिसचं कूळच वेगळं.

दुसरी खूण महिन्याची. हिमालयातल्या फ्रिटिलारिया बर्फ वितळला की घाईघाईनं वर येतात, मे-जूनमध्ये फुलतात, फार तर जुलैच्या सुरुवातीपर्यंत. आपली बहुतेक मंडळी जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे जातात, तोवर नुसती बोंडं उरलेली असतात. ती बोंडंही बघण्यासारखी असतात. फूल असताना मान खाली, म्हणजे पाऊस-गारांपासून पराग आणि मध झाकलेला. फळ धरलं की तोच देठ वळून ताठ उभा राहतो. सहा धारांचं बोंड, आत चपट्या बियांच्या चळती. वाळून उकललं की वारा बिया उधळतो. आकाशाकडे तोंड केलं नाही तर सगळ्या बिया पायाशीच पडतील.

पायवाटकर, वरच्या पानांची टोकं तारेसारखी वळलेली आहेत का? फोटोत नीट दिसत नाही.

पायवाटकर

मूळ फोटो मोठा करून पाहिला. टोकं सरळच आहेत. पानं दांड्याभोवती तीन-चारच्या वेढ्यात.

पेशीपुराण

मग फ्रिटिलारिया रॉयली म्हणायला हरकत नाही. पश्चिम हिमालयात तीच जास्त दिसते. टोकं वळलेली असती तर फ्रिटिलारिया सिरोसा. ती वळलेली टोकं शेजारच्या झुडपाला किंवा गवताला धरून उभी राहतात. सिरोसाचं वर्णन डेव्हिड डॉनने १८२५ मध्ये नेपाळच्या वनस्पतींवर लिहिताना केलं. रॉयलीचं हूकरने १८५२ मध्ये. सहारनपूरच्या सरकारी बागेचा प्रमुख असलेल्या जॉन फोर्ब्स रॉयलच्या नावावरून. काही शास्त्रज्ञ या दोघींना वेगळ्या जाती मानत नाहीत, रॉयलीला सिरोसाची उपजात धरतात. डोंगरात मधल्या अवस्थेची झाडंही सापडतात, त्यामुळे भांडण मिटायची चिन्हं नाहीत.

सगळ्या जगात मिळून या प्रजातीत शंभरावर जाती आहेत. तुर्कस्तान, इराण, मध्य आशिया, हिमालय, पश्चिम चीन, पलीकडे जपान आणि उत्तर अमेरिकेचा पश्चिम किनारा. बहुतेक डोंगराळ मुलखातल्या, थोड्या कुरणांतल्या.

खवचट_काका

म्हणजे शोधलं गुराख्यांनी, नाव लागलं साहेबाचं आणि खणून न्यायला दलाल. ठीक. पुढचं सांगा.

औषधीबटवा

पुढचं मी सांगते, माझ्याच गल्लीतलं आहे.

च्यवनप्राशाच्या मूळ पाठात अष्टवर्ग नावाचा आठ वनस्पतींचा गट येतो: जीवक, ऋषभक, मेदा, महामेदा, काकोली, क्षीरकाकोली, ऋद्धी, वृद्धी. सगळ्या उंच हिमालयातल्या, सगळ्यांचा जमिनीखालचा भाग वापरायचा. यांतल्या जीवक, ऋषभक, ऋद्धी, वृद्धी म्हणजे ऑर्किड, यावर बऱ्यापैकी एकमत आहे. काकोली आणि क्षीरकाकोलीवर मात्र नाही. क्षीरकाकोली म्हणून कुणी लिलियम पॉलिफायलम ही पांढरी हिमालयन लिली धरतं, कुणी फ्रिटिलारिया रॉयली. बाजारात या नावाखाली दोन्ही मिळतात आणि सुकलेला कंद हातात घेतला की भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही.

आता गंमत ऐका. या वनस्पती दुर्मीळ झाल्याची तक्रार आजची नाही. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी भावप्रकाशात स्वच्छ लिहून ठेवलंय की अष्टवर्ग राजेलोकांनाही मिळणं कठीण, तेव्हा वैद्याने त्याच गुणाची बदली द्रव्यं घ्यावीत. बदल्याही दिल्यात. मेदा-महामेदाऐवजी शतावरी, जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा, ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद. या चारही गोष्टी शेतात किंवा सपाटीवरच्या रानात मिळतात. त्यामुळे 'शास्त्रात सांगितलंय म्हणून हिमालयातला कंदच हवा' हा युक्तिवाद शास्त्रातच खोडलेला आहे. तरी 'अस्सल अष्टवर्गयुक्त' लिहिलं की डबा महाग विकता येतो, हे खरं दुखणं.

हिमगौरी

मी काही वर्षं कुल्लू जिल्ह्यात राहिले आहे (नवऱ्याची नोकरी), म्हणून लिहिते.

पायवाटकर, तुम्ही पाहिलेले खड्डे त्याचेच. तो मुलगा गप्प बसला कारण त्याच्या गावातले, कदाचित त्याच्या घरातलेही लोक खणायला जात असतील. त्याला लगेच गुन्हेगार ठरवू नका. वरच्या गावांतून उन्हाळ्यात बायका-मुलं, मेंढपाळ सगळेच थोडंफार जडीबुटी गोळा करतात. पूर्वी घरच्या औषधापुरतं आणि मीठ-तेलापुरतं होतं. मग दलाल पार गावापर्यंत यायला लागले, आगाऊ पैसे देऊन जायला लागले. तिथून माल अमृतसर-दिल्लीच्या जडीबुटी बाजारात. गावात किलोमागे जे मिळतं आणि शेवटी ज्या भावाला विकलं जातं यात जमीन-अस्मानाचा फरक, पण गावातल्या माणसालाही तो पैसा सफरचंदाचा हंगाम हातात यायच्या आधी मिळतो. म्हणून मोह.

घात होतो तो वेळेमुळे. बर्फ गेल्यावर गवतात हे झाड एरवी दिसतच नाही, फूल आलं की दिसतं. म्हणून फुलावरच उपटतात. म्हणजे बी धरायच्या आधीच मोठं झाड गेलं. आणि कंद एवढासा, हरभऱ्याहून थोडा मोठा, फार फार तर करवंदाएवढा. किलो भरायला किती लागत असतील बघा.

राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य असेल तर तिथून काहीही उपटणं वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी गस्त असते. पण एका गार्डच्या वाट्याला येणारा डोंगर कधी पाहिलाय का? तो खालच्या नाक्यावर असतो तेव्हा माणसं वरून दुसऱ्या खोऱ्यात उतरलेली असतात.

सिंगापूरकर

अरेच्चा, हे तर आमच्या फ्रिजमध्ये आहे!

इथे घसा बसला की चिनी शेजारीण सगळ्यात आधी काळसर मधासारखं सिरप देते. निन जिओम पेई पा कोआ. लोकाटची पानं, मध, आणि चुआन बेई म्हणजे याच फ्रिटिलारियाचे कंद. तीच बाई नाशपातीचा गर कोरून त्यात कंदाची पूड आणि खडीसाखर घालून वाफवते. चवीला छान लागतं, खोकल्याला किती गुण येतो ते मला विचारू नका.

औषधाच्या दुकानात बरणीत पांढरे शुभ्र छोटे कंद ठेवलेले असतात. मोठी पाकळ लहान पाकळीला कुशीत घेऊन बसलेली. चिनी दुकानदार त्याला 'छातीशी धरलेला चंद्र' म्हणतात आणि असा दाणा सगळ्यात उंची माल. भाव बघून मी बरणी परत ठेवली.

औषधीबटवा

सिंगापूरकर, सिरपचं ठीक आहे, पण हे वाचून कुणी कच्चा कंद चावून बघू नका. यात स्टेरॉइड जातीचे अल्कलॉइड आहेत, पेमीन, इम्पीरियालिन वगैरे. खोकला दाबण्याचा गुण त्यांचाच, आणि मात्रा चुकली तर हृदयाचे ठोके मंदावणंही त्यांचंच. ट्रेकला 'जंगली लहसुन' ऐकून भाजीत टाकायचा उत्साह नको.

पेशीपुराण

चिनी बाजाराचा विषय निघालाच आहे, तर ज्यासाठी मला हा धागा दिसल्यावर राहवलं नाही ते लिहितो.

चीनच्या हेंगदुआन पर्वतरांगांत फ्रिटिलारिया डेलावेई नावाची जात आहे. ४ हजार मीटरच्या आसपास आणि त्याहून वर, नुसत्या दगडगोट्यांच्या उतारावर वाढते. पहिली काही वर्षं ती फक्त पानांवर काढते, फूल पाच वर्षांनंतर. एरवीचा रंग हिरवा. पण काही डोंगरांवर ती राखाडी असते, काही ठिकाणी तपकिरी, म्हणजे अगदी तिथल्या दगडाच्या रंगाची. इतकी बेमालूम की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.

कुन्मिंगची वनस्पतीशास्त्र संस्था आणि इंग्लंडमधलं एक्सेटर विद्यापीठ यांनी मिळून याचा अभ्यास केला, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये करंट बायॉलॉजी या शोधपत्रिकेत आला. त्यांना आधी वाटलं होतं एखादा प्राणी खात असेल, त्याच्यापासून लपत असेल. पण खाल्ल्याच्या खुणाच मिळेनात. अल्कलॉइडमुळे कुणी तोंड लावत नसावं. मग उरला माणूस. त्यांनी आठ ठिकाणची झाडं मोजली, पानांचा आणि मागच्या दगडांचा रंग माणसाच्या डोळ्याला किती जुळता दिसतो ते काढलं आणि गावकऱ्यांकडून कुठे किती कंद काढले जातात त्याच्या नोंदी घेतल्या. जिथे जास्त खणलं जातं तिथली झाडं दगडाशी जास्त मिसळलेली. जिथे कमी, तिथली हिरवीगार. नंतर संगणकावर लोकांना चित्रांतून झाड शोधायला लावलं. मिसळलेलं झाड शोधायला जास्त वेळ लागला, हे ओघानं आलंच.

भावही त्या लेखात दिला होता: किलोला सुमारे ४८० डॉलर. आणि एका किलोला साडेतीन हजारांहून जास्त झाडं. हिमगौरी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. जात वेगळी आहे, पण कंदाचा आकार त्याच मापाचा.

खवचट_काका

छान गोष्ट आहे, पण माझी शंका आहेच. दगड राखाडी तिथे झाड राखाडी, हे मातीतल्या खनिजांमुळे नसेल कशावरून? थंडी, ऊन, उंची, हजार कारणं असू शकतात. माणसानं खणलं म्हणून झाडानं रंग बदलला ही बातमीवाल्यांना आवडणारी गोष्ट वाटते.

पेशीपुराण

काका, शंका रास्त. म्हणूनच त्या अभ्यासातला मला सगळ्यात आवडलेला भाग सांगतो. त्यांनी फक्त किती काढतात एवढंच नाही, तर काढायला किती कठीण आहे हेही पाहिलं. काही उतारांवर दगडांचे थर असे रचलेले असतात की झाड दिसलं तरी कंदापर्यंत हात पोचत नाही. तिथली झाडं फारशी लपलेली नाहीत. नुसता मातीचा परिणाम असता तर खणण्याच्या कष्टाशी त्याचा संबंध कशाला लागला असता?

आणि 'झाडानं रंग बदलला' असं कुणी म्हणत नाहीये. सुरुवातीला सगळ्या छटांची झाडं थोडीथोडी असणार. ठळक दिसणारी पिशवीत गेली, न दिसणारी मागे राहून बी टाकत राहिली. चीनमध्ये हे कंद काढणं दोन हजार वर्षांहून जुनं आहे. तेवढ्या काळात एवढं होणं अशक्य नाही. शंभर टक्के सिद्ध झालं असं मीही म्हणणार नाही, पण दुसरं कुठलं कारण इतकं चपखल बसत नाही.

खवचट_काका

हे पटलं. थरांच्या दगडांचं वाचलं नव्हतं.

मग आपल्या रॉयलीचं काय? तीही हिरवटच आहे, गवतात लपायला सोयीची.

पेशीपुराण

तिच्यावर असा अभ्यास झालेला माझ्या वाचनात नाही, त्यामुळे काहीच दावा करत नाही. हिरव्या कुरणात पानं लपलेलीच असतात, त्यांना पकडून देतं ते फूल. आणि फूल लपवलं तर भुंग्यांना कसं दिसणार?

आखातवासी

या प्रजातीतली सगळ्यात मोठी आणि झगमगती बहीण इराणात पाहिली, तिची भर घालतो. कामानिमित्त तिकडे जाणं व्हायचं. एप्रिल-मेच्या सुमारास झाग्रोस पर्वतात खानसारजवळच्या गोलेस्तानकुहला आणि तिकडे कुहरंगच्या बाजूला अख्खे उतार शेंदरी होतात. फ्रिटिलारिया इम्पीरियालिस. कमरेएवढा दांडा, टोकाला पानांचा तुरा आणि त्याखाली गोल लटकलेल्या पाच-सहा घंटा. फारसीत 'लालेह-ए वाझगून', उलटा ट्यूलिप. लोकांची समजूत अशी की शाहनाम्यातल्या निष्पाप राजपुत्र सियावशला मारलं तेव्हा हे फूल साक्षीला होतं आणि शरमेनं त्यानं मान खाली घातली ती कायमची. तुर्कस्तानच्या पूर्व भागात त्याला रडणारी नवरी म्हणतात आणि ते तोडलं तर जबर दंड आहे.

रडणारी का, तर फुलाखाली हात धरून वर बघा. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी मधाचा एकेक टपोरा थेंब, पांढऱ्या वाटीत ठेवलेला. हलवलं तरी सहसा पडत नाही. वास मात्र अत्यंत वाईट, ओल्या कोल्ह्यासारखा. आमच्या इराणी सहकाऱ्यानं सांगितलं, जवळ नाक नेऊ नका. मी नेलंच.

टेम्सकाठी

आखातवासी, तो वास इथल्या बागवाल्यांना आवडतो! उंदीर-चिचुंद्र्या त्या कंदाजवळ येत नाहीत असा त्यांचा समज आहे. हे फूल सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इस्तंबूलहून व्हिएन्नाला आलं आणि मग सगळ्या युरोपभर श्रीमंतांच्या बागांत. जुन्या डच फुलांच्या चित्रांत गुच्छाच्या सगळ्यात वर उलट्या घंटा दिसल्या की समजायचं तेच.

आणि एक मजेदार गोष्ट. युरोपातली फुलं बहुतेक किडे-माश्यांच्या भरवशावर असतात, पण इंग्लंडच्या बागांत या इम्पीरियालिसचा मध प्यायला ब्लू टिट नावाचा चिमुकला पक्षी येतो आणि परागीभवन करून जातो, हे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवलंय. आपल्याकडे शिंजीर हे काम करतो त्यात नवल नाही, इथे नवल.

इथली स्वतःची म्हणावी अशी एक फ्रिटिलारिया आहे, मेलेॲग्रिस. डोंगरातली नव्हे, पुराच्या ओल्या कुरणातली. जांभळी चौकडी इतकी नेटकी की छापील वाटावी. एप्रिलमध्ये ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजचं कुरण तिनं भरून जातं. लोक कुंपणाबाहेरच्या वाटेवरून बघतात, आत कुणी जात नाही. विल्टशरमध्ये क्रिकलेडजवळ नॉर्थ मेडो आहे, देशातली बहुतेक रानटी मेलेॲग्रिस त्या एका कुरणात उरली आहे. बाकीची कुरणं नांगरली गेली. दलाल नाही, नांगर.

मातीकाम

मस्त धागा, वाचनखूण साठवली आहे.

चंपाकळी

सगळं वाचलं. आता माझा स्वार्थी प्रश्न: पुण्यात गच्चीवर येईल का? ऑनलाइन इम्पीरियालिसचे कंद दिसतायत, फोटो तर भलतेच सुंदर.

मातीकाम

ताई, पैसे वाचवा. कारण समजून घ्या म्हणजे परत मोह होणार नाही.

या कंदाच्या आत पुढच्या वर्षीचं फूल तयार होतं ते उन्हाळ्यात, कोरड्या मातीत, आणि दांडा वर येण्यासाठी त्याला नंतर कित्येक आठवडे थंडी लागते. नुसती गार हवा नाही, बर्फाजवळची थंडी. ट्यूलिपला लोक फ्रिजमध्ये ठेवून एक हंगाम फसवतात, फूल येतंही, पण पुढच्या वर्षी कंद संपलेला असतो. इम्पीरियालिसचं त्याहून अवघड. कंदाच्या डोक्यावर मधोमध भोक असतं, मागच्या वर्षीचा दांडा निघाल्याची जागा. त्यात पाणी साठलं की कुजायला सुरुवात. थंड देशांतसुद्धा तो आडवा ठेवून लावायचा सल्ला देतात. आता विचार करा, त्याची झोपायची वेळ आणि आपला जून ते सप्टेंबरचा पाऊस एकाच वेळी. आणि मग हिवाळा, तो पुण्याचा.

हिमालयातल्या सिरोसा-रॉयलीचं तर नावच काढू नका. कुणी 'हिमालयन फ्रिटिलारिया कंद' म्हणून विकत असेल तर दोनच शक्यता: एक तर तो दुसराच कांदा आहे, नाहीतर पायवाटकरांनी पाहिलेल्या खड्ड्यातला आहे.

कंदाची हौस असेल तर आपल्या हवामानाचे घ्या. निशिगंध, रेन लिली, मे महिन्यात लाल चेंडू फुलणारं मे फ्लॉवर. ही मंडळी उन्हाळाभर मातीखाली गप्प बसून पावसाच्या चाहुलीवर उठणारी, तिकडची बर्फाखाली गप्प बसून बर्फ वितळल्यावर उठणारी. एवढाच फरक, पण तोच सगळा फरक.

चंपाकळी

समजलं. कार्टमधून काढलं.

हिमगौरी

मातीकाम, तुमचं ते मातीखाली गप्प बसण्याचं वाचून आठवलं. सह्याद्रीत रानकांदा ऐन उन्हाळ्यात एकही पान नसताना फुलतो. रत्नागिरीच्या सड्यांवर (जांभ्या दगडाच्या पठारांवर) पहिल्या पावसात दीपकाडी येते, पांढरीशुभ्र. ती तर फक्त कोकण-गोव्याच्या पट्ट्यातली. तिच्यावर औषधवाल्यांची नजर नाही म्हणून बरंय, पण सडे चिऱ्यांच्या खाणींना आणि आंबा-काजूच्या बागांना जातायत. ते वेगळ्या धाग्यात लिहीन.

पेशीपुराण

थोडं अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. या प्रजातीच्या पेशीत डीएनए किती असतो माहितीये? काही जातींत माणसाच्या तीसपटीहून जास्त! त्यात जनुकं जास्त आहेत असं नाही. आपल्या माळ्यावर कशा जुन्या वस्तू साठतात, लागत नाहीत पण टाकवतही नाहीत, तसे निरनिराळ्या प्रकारचे निरुपयोगी तुकडे साठत गेलेत. बाकीच्या वनस्पती असा पसारा वेळोवेळी साफ करतात, ही साफ करायला फार मंद. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलंय.

ट्रेकवेडा

जबरी माहिती!! पुढच्या जूनमध्ये आमचा ग्रुप चाललाय, १८ जण. पायवाटकर, जागा सांगा ना, फक्त फोटो काढू, कुणी तोडणार नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.

पायवाटकर

ट्रेकवेडा, राग मानू नका, व्यनितही सांगणार नाही. तुमच्यावर अविश्वास नाही. पण फोटो समाजमाध्यमांवर गेला की त्याला ठिकाणाचं नाव चिकटतंच, अठरा मोबाइलांतून एकाला तरी. आणि मला वाटतं दलालही तेच वाचतात जे आपण वाचतो.

ट्रेकवेडा

हे जरा अतीच होतंय. स्थानिक लोकांना जागा माहीतच आहेत, खणतायत तेच. आमच्यापासून लपवून काय साध्य? उलट पर्यटक आले तर त्यांना जिवंत फुलातून पैसा मिळेल.

हिमगौरी

मुद्दा अगदीच चुकीचा नाही. तीर्थन खोऱ्यात होमस्टे वाढल्यावर काही घरांतली पोरं खणायला जायची थांबली, हे मी पाहिलंय. पण ते खाली रस्त्याला लागून असलेल्या गावांचं. थाच दोन दिवसांच्या चढावर आहे, तिथे पर्यटक म्हणजे तंबू आणि खेचरं. अठरा जणांचा तळ ज्या सपाटीवर पडतो तीच सपाटी या झाडाचीही आवडती. पहिल्या वर्षी त्याचं एकच बारीक पान येतं, गवताच्या पात्यासारखं, आणि फुलापर्यंत पोचायला आणखी चार-पाच वर्षं. ते पान बुटाखाली गेलं तर तुम्हाला कळणारही नाही.

प्रशासक

या धाग्यावर नेमक्या जागांचे उल्लेख, नकाशाचे दुवे आणि अक्षांश-रेखांश येऊ देणार नाही. बाकी चर्चा चालू द्या. ट्रेकवेडा, तुमचा पर्यटनाचा मुद्दा चांगला आहे, वेगळा धागा काढा.

ट्रेकवेडा

बरं. तळ टाकण्याचा मुद्दा लक्षात घेतो. ग्रुप लहान करता येईल का बघू.

पायवाटकर

हिमगौरी, एक व्यवहाराचा प्रश्न. त्या खड्ड्यांचे फोटो माझ्याकडे आहेत, जागेच्या नोंदीसकट. कुणाला द्यावेत? दिले तर तो पोरगा अडचणीत येईल का?

हिमगौरी

त्या भागाच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या, तिकडे 'रेंज ऑफिस' विचारलं की कुणीही सांगतं. फक्त जागा, तारीख आणि फोटो. तुमच्याबरोबर कोण होतं ते लिहायची गरज नाही, तुम्ही खणताना कुणाला पाहिलेलंही नाही. अशी नोंद गेली की पुढच्या हंगामात गस्त कुठे लावायची ते त्यांना ठरवता येतं. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ मध्ये सिरोसाला 'असुरक्षित' वर्गात टाकलं, वीस-पंचवीस वर्षांत निदान ३० टक्के घट धरून. अशा अंदाजांनाही शेवटी कुठे खणलं गेलं याच्या नोंदीच लागतात.

सिंगापूरकर

चीनमध्ये २०२१ पासून या प्रजातीच्या सगळ्या रानटी जाती राष्ट्रीय संरक्षित यादीत आहेत, दुसऱ्या श्रेणीत. झेजियांगमध्ये फ्रिटिलारिया थुनबर्गीची शेती होते, ती स्वस्त मिळते. पण दुकानदार म्हणतो गिऱ्हाईक डोंगरातलाच मागतं, आणि मग शेतातलाही डोंगरातला म्हणून विकला जातो.

खवचट_काका

म्हणजे दोन्हीकडे तेच.

औषधीबटवा, मघाशी उठून आमच्या घरातला च्यवनप्राशाचा डबा तपासला. घटकांच्या यादीत काकोली, क्षीरकाकोली दोन्ही लिहिलंय, आणि दोन्हींपुढे बारीक अक्षरांत विथानिया सोम्निफेरा. हे काय?

औषधीबटवा

काका, विथानिया सोम्निफेरा म्हणजे अश्वगंधा. भावमिश्रांनी सांगितलेली बदली. तुमचा डबा ठीक आहे, खा निवांत. ज्या डब्यावर त्या जागी फ्रिटिलारिया किंवा लिलियम छापलेलं असेल, त्या कंपनीला कंद कुठून आणता असं पत्र लिहून विचारा. मी लिहिते. उत्तर आलं तर इथे डकवीन.